पाणाड्याच्या घरचं पाणी

माझे सासरे पाणाडी होते. म्हणजे जमिनीच्या पोटात पाणी कुठं आहे, ते वरून चालत चालत सांगायचे. आमच्या जुन्नर तालुक्यात आणि पलीकडं आंबेगावात त्यांच्या शब्दावर कितीतरी विहिरी खोदल्या गेल्या. पुढं बोअरच्या गाड्या आल्या, तसे बोअरही पडले. लोक त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचे आणि पोटभर जेवू घालून परत आणून सोडायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या घरी घोटभर पाणी हवं असेल, तर सासूबाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन भावकीच्या विहिरीवर निघालेल्या असायच्या. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ लग्नानंतर कळला.

लग्न झालं ते नव्वदीच्या सुरुवातीला. मी जुन्नर गावातली, नळाच्या पाण्यावर वाढलेली. पिंपरी पेंढारच्या मळ्यात येऊन पडले आणि पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या पायऱ्यांवरून कळशीसकट घसरले. कळशीला पोचा आला, मला काही झालं नाही. घरात चौकशी मात्र कळशीची झाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. आत्या म्हणाल्या, "नळाच्या गावची हाय, हिला पाण्याचं वजन कसं ठावं आसंल?" मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "आत्या, तुमचं घर पाणाड्याचं आहे म्हणून वडिलांनी दिली. त्यांना वाटलं, पाण्याचं सुख असेल." आत्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की डोक्यावरची चुंबळ खाली पडली. त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं.

मामांच्या हातात उंबराची बेचक्याची ओली काठी असायची. दोन टोकं दोन मुठीत धरून अनवाणी चालायचे. पाण्यावर आले की काठीचं तिसरं टोक खाली ओढलं जायचं. मी बारावीपर्यंत शास्त्र शिकले होते, त्यामुळं माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांनी सांगितलेल्या जागी पाणी लागायचं हेही खरं. लागलं नाही, तर "वरच्या अंगाला कुणीतरी बोअर घेतला आसंल, झरा तिकडं वळला" हे उत्तर तयार असायचं, आणि समोरचा माणूस मान डोलवायचा. पाणी दाखवायचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. एक सुपारी, एक नारळ आणि जेवण. जेवण मात्र नीट लागायचं.

मग घरचंच पाणी का पाहायचं नाही? तर ज्यानं त्यांना ही विद्या शिकवली, त्यानं एक अट घातली होती. आपल्या दाराचं पाणी आपण पाहायचं नाही. पाहिलं तर हातातलं सगळं जातं. ही अट त्या गुरूनं खरंच घातली होती की मामांनी सोयीनं काढली होती, याबद्दल आत्यांचं स्वतःचं मत होतं. "घरची म्हणते देवा देवा, अन् भाईरचीला चोळी शिवा," असं त्या म्हणायच्या. पण हे मामांच्या तोंडावर नाही. नवऱ्याला सरळ बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या म्हशीशी बोलायच्या. मामा ओट्यावर बसलेले असले की आत्या गोठ्यातून मोठ्यानं सुरू करायच्या, "तुझ्या मालकाला समद्या तालुक्याचं पाणी दिसतं गं बाई. तुझ्या घमेल्यात न्हाई, तेवढं दिसत न्हाई." म्हैस रवंथ करत राहायची. मामा खाकरायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडं लेकीच्या जागी म्हैस होती.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एका उन्हाळ्यात भावकीच्या विहिरीनं तळ गाठला. पायऱ्या उतरून खडकातल्या डबक्यातून वाटीनं पाणी भरायचं आणि तेवढंच वर चढायचं. आत्यांचा गुडघा सुजून टम्म झाला. एक दिवस त्यांनी हंडा ओट्यावर मामांच्या पुढ्यात आणून ठेवला आणि म्हशीला मध्ये न घालता सरळ बोलल्या.

"म्या आता हिरीवर जायाची न्हाई. मला हितं पाणी पायजे, मोरीपाशी. हात लांब केला की लागलं पायजे. तुमी बघा न्हाईतर दुसऱ्याला बघाया सांगा."

मोरी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून, अंगणात. भांडी तिथं, धुणं तिथं, हातपाय धुणं तिथं. आत्यांचा निम्मा जन्म त्या फरशीवर गेलेला. त्यांचं मागणं एवढंच होतं, की पाणी त्या फरशीपर्यंत यावं. मामांनी हंड्याकडं पाहिलं, मग गुडघ्याकडं पाहिलं. "बोलावतो एखाद्याला," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले. घराण्यात पहिल्यांदाच एवढं मोठं भांडण एवढ्या लवकर मिटलं.

आता पाणाड्यानं दुसऱ्या पाणाड्याला घरी बोलवायचं म्हणजे मोठाच प्रसंग. मामांना तालुक्यातला कुणी चालणार नव्हता. चार गावांत चर्चा नको. शेवटी आंबेगावकडचा, डिंभ्याचा एक माणूस ठरला. तो नारळावर पाणी पाहायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, पाण्यावर आलं की नारळ उभा राहतो म्हणे. मामांचा या दोन्ही गोष्टींवर राग. "नारळ देवापुढं फोडायचा, का हातावर नाचवायचा? अन् डिंभ्याचा कसला पाणाडी? तिकडं धरणाच्या काठाला कुदळ मारली तरी पाणी. त्याला आमच्या काळ्या पत्थराचं काय कळणार?" मग त्यालाच कशाला बोलावता, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "लांबचा हाय, लवकर परत जाईल."

जागा दाखवायच्या दिवशी मामांनी घरी थांबायचं नाही हेही अटीतच होतं. गुरुवारी पाहुणा येणार म्हणून ते पहाटेच आळ्याला मेहुण्याकडं जाऊन बसले. पाहुणा आलाच नाही. डिंभ्याहून एस.टी. सुटली नव्हती. मामा संध्याकाळी परत आले, आणि शुक्रवारी पुन्हा त्याच मेहुण्याच्या दारात उभे राहिले. मेहुण्याच्या बायकोनं विचारलं म्हणे, "घरी भांडान झालंय का भाऊ?"

शुक्रवारी पाहुणा उगवला. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, पिशवीत नारळ. माणूस गोड बोलणारा होता, हे कबूल करायला हवं. नारळ हातावर घेऊन त्यानं अंगणाला वळसा सुरू केला. आत्या त्याच्या मागं मागं. मोरीपाशी आला तशा आत्या म्हणाल्या, "पावणं, ऊन लई हाय, हितं सावलीला टेका. च्या आनते." मी चहा केला. पाहुणा मोरीपाशी बसून चहा प्याला, बशीत ओतून, सावकाश. नारळ शेजारी आडवा पडलेला. आत्या नारळाकडं अशा बघत होत्या, की मला वाटलं, आता हाताला धरून उभा करतात. नारळ ढिम्म.

पाहुणा उठला. गोठा ओलांडला, कांद्याची वखार ओलांडली आणि थेट रस्त्याकडच्या फाटकाच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथं नारळ उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहिला. कसा राहिला, ते मला विचारू नका. त्यानं तिथं एक दगड ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाला, "वहिनी, हितं. दगूड हलवू नगा. गाडी आली की दगडावरच पहार रोवायची." चारची गाडी पकडून गेला.

आत्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, "आत्या, पाणी तर लागेल ना." त्या म्हणाल्या, "लागंल. अन् समद्या रस्त्याचं लागंल. येणारा जाणारा तोंड धुवंल, अन् म्या गोठ्याला वळसा घालून हंडा वाहीन. हिरीवरनं न्हाई, फाटकावरनं." खरंच होतं. वीज मंडळाकडून मोटरचं कनेक्शन कधी मिळेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यामुळं आधी हातपंप बसवायचा, असं ठरलेलं. हातपंप जिथं बोअर तिथंच. तो काही नळीनं घरात येत नाही.

संध्याकाळी मामा आले. दगडाकडं पाहायचं नाही म्हणून फाटकातून मान वाकडी करून आत शिरले आणि तसेच गोठ्याच्या भिंतीला धडकले. नंतर दोन दिवस मानेला तेल चोळत होते.

शनिवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात आले. आत्यांनी अंगण शेणानं सारवून काढलं होतं, नुसतं लख्ख. आणि हळदकुंकवाचा दगड मोरीपाशी, फरशीपासून दोन पावलांवर बसलेला होता.

मी दगडाकडं पाहिलं. आत्यांकडं पाहिलं. आत्या शेणाचे हात धूत होत्या.

"आत्या, दगड?"

"सारवताना सरकला," आत्या म्हणाल्या.

सारवताना दगड सरकतो हे मलाही माहीत आहे. हातभर सरकेल. हा दगड वखार आणि गोठा ओलांडून, वळण घेऊन, बरोबर मोरीपाशी आला होता. वाटेत त्याचं कुंकूही पुसलं नव्हतं. मी हसायला लागले. आत्यांनी शेणाचा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुला देवाची आन हाय." तोंड शेणानं माखलेलं असताना शपथ मोडायला कोण जातंय?

माझा नवरा चाकणला कंपनीत होता, शनिवारी सकाळी घरी यायचा. त्यानं दगड पाहिला, जागा चांगली आहे म्हणाला आणि आळेफाट्यावरून गाड्या घेऊन आला. एक खोदायची गाडी, एक हवेच्या कॉम्प्रेसरची. बरोबर तमिळनाडूची माणसं. गावानं त्या सगळ्यांचं नाव एकजात 'अण्णा' ठेवलेलं. त्यांच्यातल्या मोठ्या अण्णानं फाटकातून आत पाहिलं, मोरी पाहिली आणि मान हलवली. "अंदर नहीं जाएगा. इधर गेट पे लगाओ ना, इधर अच्छा है."

आत्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या. फाटकापाशी जागा अच्छी आहे हे आता त्या तमिळ माणसालाही दिसत होतं. तेवढ्यात मामा ओट्यावरून उठले. कोयता घेतला आणि बाजूच्या कुंपणाची चिलारीची काटेरी कुपाटी तोडायला लागले. माझ्या नवऱ्यालाही हाक मारली. दोघांनी मिळून गाडी जाईल एवढी वाट केली, मध्ये आलेली पपई पाडली, माझी धुण्याची दोरी सोडली. मला वाटलं, गाडीचा खोळंबा नको म्हणून म्हाताऱ्याची धांदल. वाट झाल्यावर मामा पुन्हा ओट्यावर जाऊन बसले, बोअरकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून.

आत्यांनी गाडीची पूजा केली. नारळ फोडताना त्यांनी डोळे इतके घट्ट मिटले, की पहिले दोन फटके दगडाऐवजी गाडीच्या चाकावर बसले. मळ्यातल्या बायकांना वाटलं, भक्तिभाव.

मग ते यंत्र सुरू झालं. ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. फडताळातली भांडी नाचायला लागली, म्हैस दावं तोडून वखारीमागं गेली. आधी पिवळा मुरूम वर आला, मग त्यात पाइप बसवला, आणि मग काळा पत्थर लागला. त्यानंतर नुसता धुरळा. राखाडी, पिठासारखा, कोरडा. रॉडमागून रॉड खाली जात होता आणि वर पीठ येत होतं. अंगणावर, छपरावर, आमच्या केसांवर. ओट्यावर मामा पांढरेफटक होऊन भिंतीकडं बघत बसलेले. मला मध्येच हाक मारून विचारायचे, "सूनबाई, धुरळा कसला हाय?" मी सांगायचे, "काळसर." ते म्हणायचे, "म्या आपलं डोळ्यात जातोय म्हणून इचारलं."

दोनशे फुटांच्या पुढं गेल्यावर मोठ्या अण्णानं यंत्र थांबवलं आणि बोटानं विचारलं, आणखी? ती शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती. माझा नवरा खाली बसला. त्या वर्षीचा सगळा कांदा त्या भोकात गेला होता. आत्यांनी मला मोरीमागं ओढलं. त्यांचं तोंड धुरळ्यानं पांढरं आणि डोळे लाल.

"अगं, सांगू का त्यान्ला? मीच केलं म्हणून सांगू का? आजून गाडी फाटकापाशी न्हेता येईल."

मला त्यांची भीती दिसत होती आणि मला स्वतःलाही भीती वाटत होती. माझा नारळावर विश्वास नाही, काठीवर नाही. पण त्या क्षणी मी डिंभ्याच्या नारळाची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडानं म्हणाले, "आत्या, गप बसा. जिथं आहे तिथंच जाऊ दे." आत्या म्हणाल्या, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार गं?"

ओट्यावरून मामांचा आवाज आला. पाठ न वळवता, मोठ्यानं, "चालू द्या म्हणावं. आजून दोन रॉड."

पहिला रॉड कोरडा गेला. दुसरा अर्धा गेला तसा धुरळ्याचा रंग बदलला. तांबडा, गेरूसारखा. मग तो उडेनासा झाला, गोळे होऊन पडायला लागला. आणि मग भसकन लाल पाणी वर आलं, गाडीच्या टपापर्यंत. अण्णा लोक ओरडले, बायका ओरडल्या, माझा नवरा चपलेसकट त्या चिखलात नाचला. माझ्या संसारात मी त्याला दोनदाच नाचताना पाहिलंय, त्यातलं हे एक.

आत्या नाचल्या नाहीत. त्या मोरीच्या फरशीवर बसल्या. लाल पाणी वाहत वाहत आलं आणि त्यांच्या पायांवरून गेलं. त्यांनी हात लांब केला आणि बसल्या जागेवरून ओंजळ भरली. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सगळ्यांची तोंडं तशीही ओलीच होती.

इथवर सगळं छान झालं. पुढं काय होईल हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पाण्याची बातमी डिंभ्याला आमच्या आधी पोचली. पाणाड्याच्या घरचं पाणी दुसऱ्या पाणाड्यानं काढलं! पाहुण्याला आणखी काय हवं? तो जिथं जाईल तिथं सांगायचा, "अवो, त्यांच्या दाराचं बी मीच दावलंय." लोकही हुशार. ज्याला घरचं दुसऱ्याला विचारावं लागतं, त्याला आपण कशाला विचारायचं? अट, गुरू, विद्या हे सगळं ऐकायला कुणाला वेळ होता? हळूहळू मामांना न्यायला येणाऱ्या मोटारसायकली कमी झाल्या. आमच्या शेजारच्या मळ्यातसुद्धा नारळवाला येऊन गेला, आणि तो आलेला मामांनी ओट्यावरून पाहिला. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "चांगला मानूस हाय. नारळ बरा चालतो त्याचा."

हे आत्यांना खायचं. आधी हातपंप बसला, मग काही वर्षांनी कनेक्शन मिळालं, मोटर सोडली, मोरीवर नळ आला. जे मागितलं होतं ते मिळालं. पण ओट्यावर नुसता बसलेला नवरा बघितला, की त्यांच्या हातातलं भांडं घासायचं थांबायचं. मी म्हणायचे, सांगून टाका. त्या म्हणायच्या, "पाणाड्याच्या बायकूनं लावलेला दगूड हलवला, हे भाईर कळलं तर त्यांची आजून शोभा व्हईल. अन् त्यान्ला काय वाटंल?" नवऱ्याचं नाव जाऊन दारात पाणी आलं, हा हिशेब त्यांनी मनात मांडून ठेवला होता, आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

मोटरबद्दलही सांगायला हवं, कारण ती नसती तर ही गोष्ट तिथंच राहिली असती. मोटर म्हणजे घरात एक जावई पाळण्यासारखं आहे. सगळ्यांनी तिच्या तब्येतीनं घ्यायचं. लाईट कमी दाबाची असली की ती रुसायची, भारनियमनात झोपायची, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हवा ओढून गुरगुरायची. बटण आत्यांशिवाय कुणी दाबायचं नाही. नळ सोडून त्या पाण्याची धार अशी बघायच्या, जणू दूधच काढतायत. तरीही दोन-तीन वर्षांतून एकदा ती जळायचीच. मग मोरीपाशी लोखंडी तिपाई उभी राहायची, साखळीची कप्पी लागायची, आणि नारायणगावचा मेकॅनिक एकेक पाइप वर ओढायचा. मळ्यातले सगळे रिकामे पुरुष सल्ले द्यायला जमायचे. बोअरमधून मोटर काढणं आणि नवरी पाहणं, या दोन गोष्टींना आमच्याकडं आमंत्रण लागत नाही.

असंच एकदा, दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, मोटर वर काढणं चाललं होतं. त्याच दिवशी डिंभ्याचा पाहुणा पिंपरीत कुणाच्या तरी लग्नाला आला होता. जाता जाता आमच्याकडं वळला. तोही म्हातारा झाला होता. ओट्यावर मामांशेजारी बसला, चहा घेतला. तिपाईभोवतीच्या गर्दीत कुणीतरी नवीन शेतकरी होता. त्यानं मामांना नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, आमच्या वावरात एक बोअर घ्यायचाय. तुमी आजून पाणी बघता का?"

मामांनी तोंड उघडायच्या आत पाहुणा हसत म्हणाला, "आवो, त्यांच्या घरचं बी मीच दावलंय. आता त्यान्ला कशाला तरास देताय?"

माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. मामाही हसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आत्या मोरीवर भांडी घासत होत्या. त्यांनी परात खाली टाकली. एवढा आवाज झाला की मेकॅनिकनं साखळी धरून ठेवली.

"पावणं, ही जागा तुमची न्हाई," आत्या म्हणाल्या. चार पुरुषांत एवढ्या मोठ्यानं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुमची जागा तिकडं फाटकाला व्हती. दगूड म्या हलवला. मला हितं पाणी पायजे व्हतं म्हणून हलवला. तवा तुमी दावलं आसं कुटं सांगू नगा. अन् ह्यांच्या अटीपायी ह्यांनी बघितलं न्हाई, म्हणून ह्यान्ला हसू बी नगा."

पाहुण्याचा चहा बशीतच राहिला. "म्हंजी... मग पाणी दावलं कुनी?" त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. तो पुढं मळ्यात वर्षभर चालला.

आत्या मात्र मामांकडंच बघत होत्या. ओल्या हातानं पदर सावरत म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमचं नाव गेलं."

मामांनी टोपी गुडघ्यावरून उचलून डोक्यावर घातली. "ठावं हाय मला," ते म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"दगूड सांजच्याला फाटकापाशी व्हता. सकाळच्याला मोरीपाशी आला. मान वाकडी केली म्हणून डोळं मिटलं नव्हतं."

आत्यांना राग आला होता की रडू, ते त्यांनाही कळत नसावं. "आवं, मग तवाच बोलला का न्हाई? इतकी वर्सं लोकांचं ऐकून घेतलं... एक शबुद बोलायचा व्हता."

मामा शांतपणे म्हणाले, "बोललो आसतो, तर दगूड परत फाटकाला न्यावा लागला आसता."

आत्या मोरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. परात तशीच पडलेली. मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलेली भांडी घासली. पाहुणा केव्हा गेला ते कुणी पाहिलं नाही. मेकॅनिकनं साखळी पुन्हा ओढायला घेतली, आणि मामा ओट्यावरून उतरून, मोरीपाशी येऊन, पहिल्यांदाच आपल्या दाराच्या बोअरमध्ये वाकून पाहू लागले.